हवेचा वाटा, फटीचा वाटा

मुळशी तालुक्याच्या पूर्व अंगाला, हिंजवडी, मारुंजी, नेरे आणि पुनावळे यांच्या शेजारी जांबे हे गाव आहे. शेती आणि उंच इमारती इथे हातात हात घालून उभ्या आहेत. त्यामुळे पाणी साठवण्याच्या जुन्या-नव्या तऱ्हाही एकाच पंचक्रोशीत सापडतात. गोठ्यापुढचा हौद, गच्चीवरची टाकी, प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे आणि अलीकडे बंगल्याच्या आवारात किंवा शेतघराजवळ उभा केलेला जमिनीवरचा तरणतलाव. त्याला खोदकाम लागत नाही, फरशी लागत नाही. लोखंडी नळ्यांच्या चौकटीत जाड प्लास्टिकचे कापड ताणायचे, शेजारी पंप आणि फिल्टर जोडायचा, टँकर मागवायचा, झाले. एप्रिल-मेमध्ये मुले त्यात डुंबतात, पावसाळ्यात तो आपोआप काठोकाठ भरतो आणि दिवाळीनंतर तिकडे कोणी फारसे फिरकत नाही. मग मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी लक्षात येते, की पाणी उतरले आहे. आठवड्याभरात चांगले दीड बोट.

यावर घरात बहुधा दोन निकाल दिले जातात. एक म्हणतो, ‘थंडीत पाणी कशाला आटेल? गळतंय कुठूनतरी.’ दुसरा म्हणतो, ‘उघड्यावरचं पाणी, उडालं असेल हवेत.’ पहिल्याचे ऐकले तर मिस्त्री येतो, तलाव रिकामा होतो, पंधरा-सतरा हजार लिटर पाणी मोरीला जाते आणि कापडावर ठिगळे बसतात. दुसऱ्याचे ऐकले तर रोज नळी सोडून तलाव भरला जातो आणि खरी गळती असेल तर ती महिनोन्महिने चालू राहते. दोघांच्याही बोलण्यात एकच उणीव आहे. उतरलेली पातळी किती पाणी गेले ते सांगते, ते कोणत्या वाटेने गेले ते सांगत नाही. पातळी ही बेरीज असते. हवेने नेलेले आणि फटीने नेलेले पाणी तिच्यात मिसळलेले असते. बेरजेकडे कितीही वेळ पाहत बसले तरी तिच्यातले दोन आकडे दिसत नाहीत. निदान करायचे म्हणजे ती बेरीज फोडायची. एवढी एकच गोष्ट नीट उलगडली, तर पुढची सगळी कामे सोपी होतात.

आधी पहिल्या निकालाचा विचार करू. थंडीत पाणी आटत नाही हा समज कुठून येतो? आपण बाष्पीभवनाचा संबंध उन्हाशी जोडतो. पत्र्यावरचे वाळवण उन्हात वाळते, म्हणून ऊन कमी तर वाळणे कमी. हे अर्धे खरे आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागतेच. पण पाणी किती वेगाने हवेत जाईल हे आणखी एका गोष्टीवर ठरते. पाण्याच्या पृष्ठभागाशी वाफेचा दाब किती आणि वरच्या हवेत आधीच असलेल्या वाफेचा दाब किती, यांतल्या फरकावर. जॉन डाल्टन यांनी १८०२ च्या सुमारास हा नियम मांडला. फरक जितका मोठा, तितके पाणी झपाट्याने उडते, आणि वारा असला तर आणखी झपाट्याने.

आता जांब्याच्या डिसेंबरातली पहाट घ्या. हवा १२ अंशांवर आली आहे, गवत दहिवराने भिजले आहे, हवा ओलसर वाटते आहे. पण तलावातले पाणी एका रात्रीत १२ अंशांवर येत नाही. ते अजून २० अंशांच्या आसपास आहे. २० अंशांच्या पाण्यापाशी वाफेचा दाब साधारण २३ मिलिबार असतो. १२ अंशांची हवा पूर्ण ओली झाली तरी तिच्यात तो १४ मिलिबारच्या वर जात नाही. म्हणजे भर पहाटे, थंडगार ओल्या हवेतही, पाणी वर जातच असते. पहाटे तलावावर तरंगणारे धुके म्हणजे हीच निघालेली वाफ, थंड हवेत पुन्हा बारीक थेंब होऊन दिसणारी. शेजारच्या गवतावर दहिवर पडते, कारण गवताची पाती हवेपेक्षाही थंड झालेली असतात. तलावाच्या पाण्यावर ते पडत नाही, कारण ते हवेपेक्षा उबदार असते. एकाच अंगणात, एकाच पहाटे, गवत पाणी घेत असते आणि तलाव पाणी देत असतो. दिवस वर आला की पारा २८-२९ अंशांवर जातो, आभाळ निरभ्र असते आणि दुपारची हवा तर अगदी कोरडी होते. थंडीत ओठ फुटतात ते याच कोरडेपणामुळे.

हा वाटा किती मोठा? याचे मोजमाप पुण्यात फार जुने आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही शिमला ऑफिस म्हणतात. १९३२ मध्ये तिथे एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू झाले. पिकाला पाणी किती लागते हे जाणायचे, तर हवा किती पाणी ओढते हे आधी कळायला हवे. त्यासाठी वेधशाळांत जे बाष्पीभवन पात्र ठेवतात ते १२२ सेंटिमीटर व्यासाचे, २५.५ सेंटिमीटर खोल, लाकडी चौथऱ्यावर ठेवलेले गोल भांडे असते. पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून वर जाळी असते. रोज ठरल्या वेळी त्याची पातळी पाहतात आणि जितके उतरले तितके मापाने भरतात. नीट पाहिले तर हे भांडे म्हणजे जमिनीवरच्या तरणतलावाचीच छोटी आवृत्ती आहे. तेही जमिनीच्या वर उभे, त्याच्याही बाजूंना ऊन-वारा लागतो. पुण्यात थंडीच्या दिवसांत असे पात्र रोज साधारण ३ ते ४ मिलिमीटर उतरते. मे महिन्यात हा आकडा दुपटीच्या पुढे जातो. मोठ्या जलाशयातून पात्रापेक्षा कमी पाणी उडते, म्हणून पात्राचा आकडा ०.७ ते ०.८ ने गुणून वापरण्याची रीत आहे. जमिनीवरचा तलाव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो.

हिशेब करू. तलावाचा व्यास ४.५७ मीटर, म्हणजे पंधरा फूट, धरला तर पाण्याचे तोंड साधारण १६.४ चौरस मीटर होते. एका चौरस मीटरवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तेव्हा रोज ४ मिलिमीटर म्हणजे रोज सुमारे ६५ लिटर, महिन्याला जवळजवळ २,००० लिटर. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता लागते. त्यामुळे हा तलाव रोज विजेच्या ४४ युनिटांइतकी उष्णता नुसती वाफेवाटे देऊन टाकतो. थंडीत त्याचे पाणी गारठलेले असते, त्यामागे हेही एक कारण आहे. तेव्हा आठवड्यात दीड बोट, म्हणजे २५-२८ मिलिमीटर, पाणी उतरले तर ते सगळेच्या सगळे हवेने नेलेले असू शकते. कापडात एकही भोक नसताना.

इथे दुसरा निकाल देणारा खूश होईल. पण थांबा. आता फटीकडे पाहू. पाण्याखाली एक मीटर खोलीवर, एक मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे जाडसर सुईने पडेल एवढे भोक आहे असे समजा. वरच्या पाण्याच्या भाराने तिथून पाणी सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने बाहेर फेकले जाईल. भोकाच्या कडांशी धार आकसते हे लक्षात घेऊनही दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी जाईल. आपल्या तलावात ती ११ मिलिमीटरची घट झाली, हवेच्या वाट्याच्या जवळजवळ तिप्पट. आता भोकाचा व्यास अर्धा करा. व्यास अर्धा झाला की क्षेत्रफळ पाव होते, म्हणून गळती ४५ लिटरवर येते. म्हणजे दिवसाला पावणेतीन मिलिमीटर. हा आकडा थंडीतल्या बाष्पीभवनाच्या आकड्याला जाऊन भिडतो! अर्ध्या मिलिमीटरचे भोक आणि डिसेंबरची कोरडी हवा, दोघेही जवळपास सारखेच पाणी नेतात. मग नुसती पातळी पाहून यांतला कोण हे कसे सांगणार? दोन्ही निकाल एकाच वेळी संभवतात आणि म्हणूनच दोन्ही निरुपयोगी ठरतात.

यातून सुटण्याची वाट साधी आहे. ज्याला हवा लागते पण फट नाही, असे पाणी त्या तलावातच ठेवायचे. एक धड बादली घ्यावी, शक्यतो फिक्या रंगाची. ती तलावाच्याच पाण्याने भरावी आणि तलावातल्या शिडीच्या पायरीवर, तळाशी दगड घालून, घट्ट बसवावी. बादलीतले पाणी आणि बाहेरचे पाणी एका पातळीत हवे. बादलीची कड पाण्यावर दोन-तीन बोटांपेक्षा जास्त उंच नको, नाहीतर ती वारा अडवेल. बादलीच्या आतून आणि तलावाच्या कडेला पातळीची खूण करावी. मग पंप बंद ठेवून तीन दिवस थांबावे. वरून पाणी घालायचे नाही, आत उतरायचे नाही, आच्छादन घालायचे नाही.

बादली ही या खटल्यातली साक्षीदार आहे. तिच्यावर तेच ऊन पडते, तीच रात्र जाते, तोच वारा वाहतो. ती तलावातच बुडलेली असल्यामुळे तिच्या पाण्याचे तापमानही तलावाइतकेच राहते. म्हणूनच ती बाहेर अंगणात ठेवून चालत नाही. तिथे ती दुपारी लवकर तापेल, रात्री लवकर निवेल आणि वेगळीच साक्ष देईल. तीन दिवसांनी बादली १० मिलिमीटर उतरली आणि तलावही १० मिलिमीटर उतरला, तर सगळे हवेचे काम. बादली १० आणि तलाव १९ उतरला, तर वरचे ९ मिलिमीटर दुसऱ्या कुठल्या वाटेने गेले. आपल्या तलावात ते दिवसाला सुमारे ५० लिटर होतात. बेरीज फुटली.

या रीतीची खुबी अशी, की इथे हवेचा वाटा मोजावा लागत नाही. तापमान, आर्द्रता, वारा यांपैकी काहीही माहीत नसले तरी चालते. पुस्तकातला आकडा जांब्याला लागू पडतो की नाही, यंदाची थंडी नेहमीपेक्षा कडक आहे का, तलावावर इमारतीची सावली पडते का, हे सगळे प्रश्न गळून पडतात, कारण त्यांचा परिणाम दोन्ही पाण्यांवर सारखाच झालेला असतो. वजाबाकीत तो आपोआप निघून जातो. मागे फक्त तेवढेच उरते जे तलावात आहे आणि बादलीत नाही.

मात्र वजाबाकी मिलिमीटरांची आहे, म्हणून मोजण्यात काळजी हवी. पाणी थंड झाले की आकसते. तलावातले पाणी दोन अंशांनी निवले, तर सव्वा मीटर खोलीत पातळी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त उतरते. बादलीची खोली कमी, म्हणून तिच्यातली घट त्या मानाने नगण्य. संध्याकाळी खूण करून पहाटे वाचले, तर हा आकसलेला भाग गळती म्हणून अंगावर येतो. तेव्हा रोज एकाच वेळी, वारा पडलेला असताना, सकाळी वाचावे. तलावाची पातळी एकाच ठिकाणी न वाचता चारही बाजूंना वाचावी. काळी जमीन थंडीत सुकते, भेगाळते, आणि चौकटीचा एखादा पाय खचतो. तसे झाले तर एका बाजूला पाणी उतरलेले दिसते आणि समोरच्या बाजूला चढलेले. पाणी कुठेच गेलेले नसते, तलाव कललेला असतो. पातळी बारकाईने वाचायची असेल तर वेधशाळेचीच रीत वापरावी. बादलीत खूण धरून, मोजून पाणी भरावे आणि किती लागले ते लिहावे. पट्टीवरच्या रेघेपेक्षा मापातले पाणी जास्त खरे बोलते.

साक्ष पडताळायची दुसरी रीतही आहे. तीन दिवस तलाव नीट झाकून ठेवावा. आच्छादनाखाली हवेचा वाटा फार घटतो, पण फटीला आच्छादनाचे काही देणेघेणे नसते. झाकूनही आधीच्या फरकाइतकी घट राहिली, तर बादलीने सांगितलेले पक्के झाले. दोन वेगळ्या रीतींनी एकच उत्तर आले, तर त्यावर पैसे खर्च करायला हरकत नाही.

आपल्याकडे या परीक्षेला थंडीइतका चांगला काळ नाही. पावसाळ्यात जमेची बाजू सतत बदलत असते. एका रात्रीतला ११ मिलिमीटर पाऊस एक मिलिमीटरच्या भोकाची दिवसाची गळती पुरती झाकून टाकतो. तलाव जून ते सप्टेंबर भरलेला दिसला म्हणजे तो धड होता असे नाही. उन्हाळ्यात हवेचाच वाटा इतका वाढतो, की बारीक गळती त्यात हरवते, आणि मुलांच्या उड्यांनी बाहेर सांडलेले पाणी हिशेबात आणता येत नाही. परतीचा पाऊस थांबला, एखादा अवकाळी शिडकावा सोडला, तर जमा शून्य होते आणि खर्चाच्या दोनच बाजू उरतात. त्यात भातकापणी झालेली असते, शिवारातले उंदीर आणि घुशी नव्या आसऱ्याला निघतात आणि तलावाखालच्या उबदार जागेत शिरून कापड कुरतडतात. गारठ्याने प्लास्टिक ताठरते, जोडाचे रबरी वायसर आकसतात, आणि मेमध्ये घट्ट असलेला जोड पौषात पाझरू लागतो. म्हणजे नवी गळती सुरू होण्याचा आणि ती ओळखता येण्याचा काळ एकच आहे. कोरड्या जमिनीमुळे खूणही लपत नाही. आजूबाजूचे गवत पिवळे पडलेले असताना तलावाच्या एका कडेला हिरवा पट्टा राहिला असेल, तर तिथे वाकून पाहिलेच पाहिजे.

गळती आहे हे ठरले की ती कुठे आहे हा प्रश्न येतो. तिथेही हीच रीत पुढे न्यायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पाहायचा. एक दिवस पंप बंद, एक दिवस चालू. पंप चालू असताना घट वाढली, तर पंपाच्या पुढच्या, दाबाखालच्या भागात पाहावे. फिल्टर, त्याची झडप, परतीची नळी. वाळूच्या फिल्टरला वाया पाण्याची नळी असते, तिच्या तोंडाशी बारीक धार येते का तेही पाहावे. पंप चालू असताना परतीच्या तोंडातून बुडबुडे येत असतील, तर पंपाच्या अलीकडच्या ओढनळीत फट असून तिथून हवा आत शिरते आहे. पंप बंद आणि चालू, दोन्हीत सारखीच घट असेल, तर कापड किंवा त्यात बसवलेले जोड.

कापडातल्या भोकाची उंची पाणी स्वतः सांगते. हवेला खोली कळत नाही. पाणी सव्वा मीटर असो की अर्धा मीटर, ती सारखेच नेते. फटीला मात्र खोली कळते. पातळी तिच्याजवळ येत जाईल तसा भार कमी होतो, धार मंदावते, आणि पातळी तिच्या खाली गेली की गळती थांबते. तेव्हा बादली जागेवर ठेवून, पंप बंद करून, पाणी उतरू द्यावे. ज्या उंचीवर तलाव आणि बादली पुन्हा सारख्या गतीने उतरू लागतील, त्या उंचीवर सगळीकडून कड तपासावी. बहुतेक वेळा ती उंची पाणी ओढणाऱ्या झरोक्याची किंवा परतीच्या तोंडाची निघते. पाणी अगदी तळाला जाऊ देऊ नये. भार गेला की कापड आकसते, सुरकुत्या पडतात आणि वाऱ्याने चौकट हलते. संशयित जागा सापडली की खायच्या रंगाचे दोन थेंब निश्चल पाण्यात तिच्याजवळ हलकेच सोडावेत. फट असेल तर रंग पसरण्याऐवजी तिच्याकडे ओढला जाईल. धरणांतला पाझर शोधताना तज्ज्ञ पाण्यात खूणद्रव्य सोडून त्याची वाट धरतात. त्यामागचा विचार हाच आहे.

हा विचार तरणतलावापुरता नाही. शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली आणि राज्यभर अस्तराच्या शेततळ्यांची संख्या वाढली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळे घ्या. थंडीत रोज ४ मिलिमीटर म्हणजे ३,६०० लिटर पाणी हवेत जाते, तीन महिन्यांत सव्वातीन लाख लिटर. त्याच्या तळाशी एक मिलिमीटरचे भोक असेल, तर दिवसाला सुमारे ३१० लिटर जातील, म्हणजे पातळीत जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. तरणतलावात जे भोक हवेच्या तिप्पट पाणी नेत होते, ते इथे हवेच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नेत नाही. भोक तेच, पाण्याचे तोंड मोठे झाले. म्हणून शेततळ्याच्या मालकाने आधी आच्छादनाचा आणि वाराअडणीच्या झाडांचा विचार करावा आणि तरणतलावाच्या मालकाने आधी जोड तपासावेत. दोघांना एकच सल्ला देणारा माणूस दोघांपैकी एकाचे नुकसान करतो. पाटबंधारे प्रकल्पांच्या जललेख्यातही बाष्पीभवनाची वेगळी नोंद धरतात, आणि धरणाच्या आतल्या बोगद्यात पाझराचे पाणी इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेतून सोडून वेगळे मोजतात. तिथेही बेरजेवर समाधान मानत नाहीत.

थंड देशांत रूप बदलते, रीत बदलत नाही. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडे राहणारी मराठी कुटुंबे हिवाळ्याआधी पाण्याची पातळी उतरवून तलाव झाकून ठेवतात आणि आच्छादनावर साचणारे पावसाचे पाणी छोट्या पंपाने काढतात. आच्छादनाला भोक पडले असेल, तर तो पंप वरचे पाणी काढता काढता तलावातले पाणीही उपसत राहतो. वसंतात तलाव अर्धा दिसला म्हणून खालचे कापड बदलण्याआधी आच्छादन धरून पाहिले तर मोठा खर्च वाचतो. तिथेही पाण्याला जायला किती वाटा होत्या हे आधी मांडावे लागते, मगच दोष कोणाचा ते ठरते.

मोजमाप न करता दिलेला निकाल माणसांवरही येऊन पडतो. सोसायटीच्या बैठकीत पाणी कमी झाल्याचा विषय निघाला की बोट कोणावर तरी रोखले जाते. काम करणाऱ्या मिस्त्रीवर, पंप चालवणाऱ्या माणसावर, शेजाऱ्याच्या नळीवर. अशा वेळी बादलीची तीन दिवसांची नोंद मांडली, तर वाद उरत नाही. काय गेले, कुठल्या वाटेने गेले आणि त्यातले किती आपल्या हातात आहे, हे सगळ्यांसमोर येते. हवेचा वाटा हा कोणाचा गुन्हा नाही. तो आच्छादनाने कमी करता येतो, शून्य करता येत नाही. फटीचा वाटा मात्र शून्य करता येतो आणि करायलाच हवा, कारण टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या या भागात दिवसाला ५० लिटर म्हणजे एका माणसाच्या अंघोळीचे आणि धुण्याचे पाणी आहे.

म्हणून पाणी उतरलेले दिसले की पहिल्या दिवशी मिस्त्रीला बोलावू नये आणि नळीही सोडू नये. पहिल्या दिवशी बादली ठेवावी. बादली आणि तलाव बरोबरीने उतरले, तर तलाव झाकावा आणि निश्चिंत व्हावे. तलाव पुढे गेला, तर तेवढ्या फरकाच्या मागे लागावे, त्याहून जास्त कशाच्याही नाही. ठिगळ एकच लागेल, योग्य जागी लागेल, आणि तलावातले हजारो लिटर पाणी जागेवर राहील.